फाटकाच्या आतली मोटार

आमच्या सावेडीच्या घरालगत जो बंगला आहे, त्याच्या पडवीत गेली दोन वर्षे एक इंजिन लाकडी पाटावर बसून आहे. मुंजीतल्या बटूप्रमाणे त्यास पाटावर नीट बसविलेले, आणि अंगावर एक जुने धोतर पांघरलेले. वाळवणे घालण्याची जागा गेली म्हणून वहिनी कुरकुरतात. पण दर शनिवारी पडवी पुसताना त्या धोतराच्या चारी कडा सारख्या करून ठेवतात, हेही आम्ही पाहिले आहे. आमच्या वाचकांपैकी, विशेषतः वाचकभगिनींपैकी, कित्येकांच्या घरी असे एखादे अडगळीचे दैवत असेल. कोठे सासऱ्यांचा ग्रामोफोन, कोठे पायाने चालणारे शिवणयंत्र. त्या दैवताचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक घरी कधीतरी येतो. शेजाऱ्यांकडे तो मोटारीच्या रूपाने आला, एवढाच फरक.

आमचे हे शेजारी, त्यांना सारी गल्ली अण्णा म्हणते, बँकेच्या नोकरीतून निवृत्त झालेले. यंत्रशास्त्राचे शिक्षण त्यांनी कोठेही घेतलेले नाही. त्यांचे वडील वकिली करीत. २०२४ साली आमच्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले. पण त्या काळी काय आणि आज काय, बोलण्यात आम्ही सारे नगरच म्हणतो. त्या नगरच्या कोर्टात वकीलसाहेब १९६६ साली घेतलेल्या स्टँडर्ड हेराल्ड मोटारीतून जात असत. ते गेले, पुढे मोटार बंद पडली, आणि बंगल्याच्या मागल्या अंगणात ताडपत्रीखाली कित्येक वर्षे उभी राहिली.

हेराल्ड हे नाव आजच्या मुलांस ठाऊक नसणार, म्हणून थोडे सांगतो. इंग्लंडात ट्रायम्फ हेराल्ड १९५९ साली बाहेर पडली. तिची आकृती मिकेलोत्ती या इटालियन कलावंताची. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून सुमारे दहा वर्षे ती बनविली. दोन दारे, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, आणि पुढचे बॉनेट दोन्ही पंखांसकट पुढल्या बाजूस आडवे उघडणारे. ते उघडले म्हणजे इंजिन आणि दोन्ही पुढची चाके मोकळी दिसतात, आणि मिस्त्रीबुवांस खुशाल टायरवर बैठक मारून काम करता येते. १९६२ साली इंग्लंडात याच मोटारीची चासी आखूड करून तीवर स्पिटफायर नावाची दोन आसनांची चपळ स्पोर्ट्‌सकार उभी केली गेली. तेव्हा अण्णांची हेराल्ड ही त्या स्पिटफायरची थोरली बहीण. संसारी, चार माणसांस घेऊन जाणारी, पण रक्त तेच. हे अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्यास आवर्जून सांगतात आणि वहिनी त्या वेळी आत चहा टाकावयास जातात.

मोटारीचे दुखणे कोणते, ते अण्णांनी ताडपत्री काढल्यावर पहिल्याच आठवड्यात ओळखले. त्यांनी आम्हांस आत बसवून क्लच दाबावयास सांगितले, आणि स्वतः पुढे वाकून क्रँकच्या टोकाची पुली पाहत राहिले. आम्ही क्लच दाबताच पुली पुढे सरके, सोडताच मागे. "गेले!" एवढेच ते म्हणाले. या इंजिनात क्रँक पुढे-मागे सरकू नये म्हणून मागच्या बेअरिंगपाशी अर्धचंद्राच्या आकाराचे दोन पातळ थ्रस्ट वॉशर असतात. ते झिजून खाली गळून पडले, म्हणजे क्रँक थेट इंजिनाच्या बिडावर घासू लागतो आणि बीड खात जातो. वॉशर स्वतः क्षुल्लक किमतीचे. पण ते वेळीच न बदलल्यामुळे ९४८ घनसेंटिमीटरचे अख्खे इंजिन निकामी झाले होते. शेवटच्या दिवसांत वकीलसाहेब ती चालवीत असताना "थोडा आवाज येतो रे" असे म्हणाले होते आणि आपण बँकेच्या ऑडिटाच्या गडबडीत लक्ष दिले नाही, हे अण्णांनी आम्हांस एकदाच सांगितले. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही, आम्हीही नाही. परंतु हे सारे खटाटोप कशासाठी, ते आम्हांस त्या दिवशी उमगले.

दुसरे तसेच इंजिन सहजी मिळेना. तेव्हा दुसऱ्या जातीचे इंजिन बसवावे, असा विचार निघाला. आणि तो निघताच पिता-पुत्रांत वाद पेटला. चिरंजीव पुण्यास नोकरीस असतात. त्यांचे म्हणणे, मारुती जिप्सीचे १३०० घनसेंटिमीटरचे इंजिन घालावे, ऐंशी अश्वांची शक्ती मिळेल आणि मोटार खऱ्या अर्थाने स्पिटफायर होईल. इंजिनही लांबीच्या दिशेने बसणारे, मागल्या चाकांना गती देणारे. म्हणजे जुळणी सोपी. आम्हांसही क्षणभर ते पटले. अण्णांनी मात्र साफ नकार दिला आणि कारण दाखविण्यासाठी आम्हां दोघांस मोटारीच्या मागल्या बाजूस जमिनीवर आडवे व्हावयास लावले.

हेराल्डची मागली चाके एका सरळ दांड्यावर नाहीत. प्रत्येक चाकाचा अर्धा दांडा मधल्या डिफरन्शिअलपाशी बिजागरीसारखा हलतो. खाचखळग्यांच्या रस्त्यावर हे सुखाचे. पण वळणावर वेगात असताना चालकाने घाबरून एकदम अॅक्सिलरेटर सोडला, म्हणजे मोटारीची मागली बाजू वर उचलली जाते आणि बाहेरच्या अंगाचे चाक, चालता चालता पाय मुडपावा तसे, आत मुडपते. मग मोटार कोणाची ऐकत नाही. त्यातून ब्रेक चारी चाकांस जुन्या पद्धतीचे ड्रमचे. "पस्तीस अश्वांनी हे चाक पन्नास वर्षे मुडपले नाही," अण्णा चिरंजीवांस म्हणाले, "ऐंशी जोडून करंजी घाटात वळण घे, आणि मग मला फोन कर. करता आला तर!" चिरंजीव गप्प झाले. त्याच स्टँडर्ड कंपनीनेही १९७२ च्या सुमारास हेराल्डवरून गॅझेल नावाची मोटार काढली, तेव्हा ही बिजागरीची तऱ्हा टाकून सरळ दांडाच घातला होता.

अखेर निवड झाली ती मारुती ओम्नीच्या इंजिनाची. १९८४ पासून २०१९ पर्यंत ही खोक्यासारखी गाडी निघत होती, आणि शाळेच्या मुलांपासून भाजीच्या पाट्यांपर्यंत तिने वाहिले नाही असे नगरात काही नसेल. इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे. आकाराने हेराल्डहून लहान, पण शक्ती जवळजवळ तेवढीच. भंगारातून ते मिळाले, आणि खरे काम तेव्हा सुरू झाले.

येथे आमच्या एका भ्रमाचे निरसन झाले. इंजिन बदलणे म्हणजे एक काढून दुसरे ठेवणे, अशी आमची समजूत. अण्णांच्या वहीत कामांची यादी होती तीत इंजिन ठेवणे हे अकरावे काम होते. हेराल्डची गिअरबॉक्स त्यांनी तीच ठेवली. पण तिची भोके एका जागी, ओम्नीच्या इंजिनाची दुसऱ्या जागी. दोहोंच्या मध्ये बसविण्यासाठी जेवणाच्या ताटाएवढी जाड पोलादी चकती नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर करून घ्यावी लागली. गिअरबॉक्सचा दांडा आणि क्रँक यांचे मध्य एका रेषेत यावयास हवेत. तेथे केसभराची चूक झाली तर क्लच आणि बेअरिंग महिनाभरात खलास. पहिली चकती चुकली. दुसरी चुकली नाही, पण तिच्यासाठी अण्णांनी आठ दिवस मोजमाप केले आणि त्या आठ दिवसांत वहिनींनी त्यांच्याशी बोलणे सोडून दिले होते. पुढे एक गंमत आणखी. त्या काळच्या विलायती पद्धतीप्रमाणे हेराल्डमध्ये बॅटरीचे धन टोक मोटारीच्या अंगास जोडलेले. ओम्नीत ऋण टोक. तेव्हा सगळी वायरिंग उलटी करावी लागली. आणि नवे इंजिन वजनास हलके पडल्यामुळे मोटारीचे नाक दोन बोटे वर उचलले गेले; स्प्रिंगा बदलीपर्यंत ती एखाद्या मानी पाहुणीसारखी दिसत होती.

इंधनाचाही एक उपप्रश्न निघाला. पंपावरील पेट्रोलात २०२५ पासून देशभर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरातली पडदी त्यासाठी केलेली नसतात. त्या फुगतात, चिरतात. अण्णांनी सर्व नळ्या नव्या घातल्या. हे इथेनॉल मुख्यतः उसाच्या मळीचे किंवा धान्याचे. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरचा पहिला सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला, त्याच जिल्ह्यातील मोटारीची नळी उसाने खाल्ली, तर आम्ही तक्रार कोणाकडे करावी?

काम पुरे होत आले तसे आम्ही अण्णांस स्पष्टच विचारले, की वडिलांच्या मोटारीत भंगारातले ओम्नीचे इंजिन घातले, ती वडिलांची राहिली का? त्यांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा बोलावून ते आम्हांस छावणीच्या भागातील रणगाडा संग्रहालयात घेऊन गेले. नगर हे १९४८ पासून आपल्या चिलखती दळाचे शिक्षणकेंद्र, आणि हे संग्रहालय १९९४ सालचे. आम्ही तेथे पाहुण्यांस घेऊन अनेकदा गेलो असू. पण रणगाड्याच्या पोटात काय असते, हा विचार कधी शिवला नव्हता.

मटिल्डापाशी ते थांबले. म्हणाले, "हिच्या पोटात दोन इंजिने, आणि दोन्ही बसची." खरोखरच इंग्रजांनी प्रवासी बसगाड्यांची दोन इंजिने शेजारी-शेजारी बसवून हा रणगाडा हलविला. सेंच्युरियनचे इंजिन मीटिअर नावाचे. ते रोल्स-रॉइसच्या मर्लिन या विमानाच्या इंजिनावरून काढलेले, तेच मर्लिन ज्यावर स्पिटफायर विमाने उडाली. (अण्णा येथे सूचक हसले. त्यांच्या मोटारीची धाकटी बहीण आणि हे विमान यांचे नाव एकच.) व्हॅलंटाइन रणगाड्यात तर एकामागून एक तीन तऱ्हेची इंजिने आली: आधी पेट्रोलचे, मग त्याच कंपनीचे डिझेलचे, पुढे अमेरिकन डिझेलचे, आणि नाव शेवटपर्यंत व्हॅलंटाइनच. अमेरिकेच्या शर्मन रणगाड्याच्या एका प्रकारात पाच मोटारींची इंजिने एकत्र जखडून तीस सिलिंडरांचे एक राक्षसी इंजिन केले होते, हेही त्यांनी परतीच्या वाटेवर सांगितले. रणांगणावर कोणी विचारीत नाही की मूळचे इंजिन कोणते. पुढे चालतो की नाही, एवढेच पाहतात.

तथापि रणांगणाचा न्याय रस्त्यास लागत नाही. आमचे एक स्नेही कायद्याचे जाणकार. त्यांनी सारा प्रकार ऐकून कपाळावर हात मारला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, उत्पादकाने मुळात जे तपशील दिले त्यांपासून नोंदणीपत्रातील तपशील भिन्न होतील असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ कायम केला. निराळ्या इंधनावर चालविण्यासाठी केलेल्या बदलास अटींसह सवलत आहे. निराळ्या कंपनीच्या इंजिनास अशी मोकळीक नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अवैध बदलास प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि याहून जिव्हारी लागणारी गोष्ट पुढेच होती. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी नियम केले: पन्नास वर्षे पुरी झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारीस ऐतिहासिक वाहन म्हणून निराळी नोंदणी व 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, ही अट. वकीलसाहेबांची हेराल्ड २०१६ सालीच पन्नाशीची झाली होती. म्हणजे ताडपत्रीखाली मृतवत् पडलेली मोटार सन्मानास पात्र, आणि चालती झालेली अपात्र!

अशा प्रसंगी आपल्याकडील सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार या कारागिराने मुलाच्या हट्टापायी भंगारातून एक चिमुकली मोटार घडविली. साठ हजार रुपयांत, दुचाकीच्या तंत्राने चालणारी, आणि दुचाकीप्रमाणेच पायाने किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांच्या पाहण्यात ती आली. त्यांनी कारागिराचे कौतुक केले, पण त्याच दमात हेही लिहिले की ही मोटार नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अधिकारी ती थांबवितील. तेव्हा तिच्या बदल्यात आपण बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाने ती बोलेरो स्वीकारली. सर्वांनी टाळ्या वाजविल्या, आम्हीही वाजविल्या. पण आता मागे पाहता वाटते, की त्या प्रसंगात एक उणीव राहून गेली. ती मोटार नीट तपासून, तिच्या ब्रेकांत आणि स्टिअरिंगमध्ये काय कमी आहे ते त्या कारागिरास सांगून, तिला रस्त्याच्या योग्यतेस आणण्याची वाट कोणाजवळच नव्हती. उद्योगपतीजवळ औदार्य होते, सरकारजवळ कलम होते. परीक्षा घेणारा मास्तर मात्र नव्हता.

इंग्लंडात असा मास्तर बरीच वर्षे होता. मोठे बदल केलेल्या मोटारीस तेथे गुण देत: मूळची चासी असेल तर पाच, आणि स्प्रिंगांची मांडणी, दांडे, गिअरबॉक्स व स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. इंजिनास किती? फक्त एक. चौदापैकी आठ गुण मिळाले म्हणजे मोटारीची ओळख आणि क्रमांक कायम. आपण सामान्य माणसे इंजिनास मोटारीचे काळीज समजतो, आणि हिशेब ठेवणारा कारकून त्यास सर्वांत कमी मोल देतो! आम्हांस मिलिंदप्रश्नातील नागसेनाची आठवण झाली. रथ म्हणजे काय, असे त्याने राजास विचारले. धुरी रथ आहे काय, आस रथ आहे काय, चाके, सांगाडा, जू, लगाम, चाबूक? त्या साऱ्या यादीत घोड्यांचे नाव नाही. घोडे बदलले म्हणून रथ बदलला, असे त्या दोघांपैकी कोणासही वाटले नसावे.

आमचे मत विचाराल, तर कायदा चाकांच्या आणि ब्रेकांच्या बाबतीत बरोबर आहे. चिरंजीवांचे ऐंशी अश्व त्या मुडपणाऱ्या चाकांवर घातले गेले असते आणि उद्या घाटात कोणाचा संसार उद्ध्वस्त झाला असता, तर आम्ही हाच लेख निराळ्या सुरात लिहिला असता. पण पस्तिसाच्या जागी पस्तीसच घालणारा निवृत्त कारकून आणि ऐंशी घालणारा तरुण यांना कलम एकाच तराजूत तोलते. तेथे आमचे त्याच्याशी जुळत नाही. दोघांनाही तपासनिसासमोर उभे करावे, चाके वर उचलून पाहावे, आणि मग एकास हो व दुसऱ्यास नाही म्हणावे, एवढी सोय मागणे फार नव्हे.

स्नेह्यांनी नियम वाचून दाखविले तेव्हा अण्णा शांत होते. त्यांनी वही उघडून आम्हांस दाखविले, की चासीस त्यांनी कोठेही करवत लावलेली नाही, एक भोकही नवे पाडलेले नाही. ओम्नीचे इंजिन जुन्याच जागांवर, स्वतंत्र पट्ट्यांनी आवळलेले आहे. चकतीचे बोल्ट सोडले म्हणजे सारे परत जसेच्या तसे. मूळचे इंजिन पडवीत का ठेवले आहे, हे आम्हांस तेव्हा कळले. खाल्ल्या गेलेल्या बिडाचा भाग कापून तेथे नवी वॉशरगादी बसवून देणारा एक वृद्ध मिस्त्री त्यांना सापडला आहे. क्रँक तासून तयार आहे. काम बाकी आहे ते मिस्त्रीबुवांच्या मोतीबिंदूचे. शस्त्रक्रिया झाली म्हणजे ते बीड हाती घेणार. मग ओम्नीचे इंजिन खाली येईल, वायरिंग पुन्हा उलटी होईल, आणि अण्णा नोंदणीचा अर्ज करतील. "पण मग हे एवढे वर्षभर कशाला केलेत?" आम्ही विचारले. उत्तर वहिनींनी दिले. "भावोजी, बंद मोटारीजवळ कोणी बसत नाही."

सध्या दर रविवारी सकाळी हेराल्ड अंगणात सुरू होते. वहिनी डाव्या दाराने आत बसतात, अण्णा वकीलसाहेबांची काळी टोपी समोरच्या फळीवर ठेवतात, आणि मोटार तुळशीवृंदावनास वळसा घालून फाटकापर्यंत जाते, तेथून मागे येते. फाटकाला कडी लावलेली असते.